बाबांच्या कॅसेटी आणि घरच्या कॉम्प्युटरवरचं रेड

आमचे बाबा मिरजेचे, रेल्वेत नोकरी झाली पण जीव सगळा हार्मोनियममधे. आजूबाजूच्या गावांत सप्ता असो, रामनवमी असो, दत्तजयंती असो, कीर्तनाला साथ करायला बाबा जायचे आणि पेटीशेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचे. १९८२ पासून २००१ पर्यंतच्या अशा १४० कॅसेटी आमच्या माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत होत्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात गाव, तिथी आणि बुवांचं नाव.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पूर आला तेव्हा गावभागात आत्याच्या घरात पाणी शिरलं. लग्नाचे अल्बम, आजोबांनी हाताने लिहिलेल्या अभंगांच्या वह्या, सगळ्याचा चिखल झाला. आम्ही ते फोटो एकेक करून दोरीवर वाळत घातले होते पण चेहरे पुसले गेलेच. त्या दिवाळीत मी ट्रंक पुण्याला आणली आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की जुनी कॅसेट म्हणजे कधीकधी एकदाच वाजणारी वस्तू. पट्टीला पांढरी बुरशी, आतली फोमची गादी निसटलेली, आणि वाजवून झाली की डेकच्या हेडवर तपकिरी पूड. ती पूड म्हणजेच आवाज असतो, पट्टीवरून खरवडून निघालेला. दुसऱ्यांदा लावली की आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा. म्हणजे एकदा फाइल झाली की ती फाइल हीच मूळ प्रत, ही गोष्ट मला तेव्हा डोक्याने कळत होती पण वागण्यात उतरली नव्हती. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण १७ एमबी, नव्वदच्या कॅसेटला दीड जीबी, आणि सगळं एकाच २ टेराबाइटच्या डिस्कवर. सोबत घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी-डीव्ही टेपा, त्यांना तासाला १३ जीबी लागतात. बॅकअप घ्यायचो मी, पण मनात येईल तेव्हा.

फेब्रुवारी २०२१ मधे ती डिस्क टक टक वाजायला लागली. रात्री ऐकलं, सकाळी फोल्डर उघडायला चार मिनिटं लागली. मग डीडीरेस्क्यू लावलं, बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारं. हे प्रोग्रॅम आधी जे सहज वाचता येतंय ते काढून घेतं, कुठे अडलं त्याचा नकाशा फाइलमधे लिहून ठेवतं आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातं. दोन दिवस चाललं. जवळपास सगळं आलं. जे आलं नाही त्यात बेडगच्या १९८७ च्या सप्त्याच्या कॅसेटची दुसरी बाजू, मधली ११ मिनिटं. ती कॅसेट परत लावून बघितली, नुसती घरघर. बाबांना फोनवर सांगितलं, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "असू दे, पहिली बाजू हाय की." मला ते असू दे अजून आठवतं.

त्यानंतर मी रेड लावायचं ठरवलं, म्हणजे एकाहून जास्त डिस्क अशा जोडायच्या की एखादी गेली तरी डेटा राहील. ऑफिसात एक मित्र सर्व्हर सांभाळतो, त्याच्याकडे गेलो तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुला नक्की कशापासून वाचायचंय?" मी म्हटलं डिस्क जाण्यापासून. तो म्हणाला, "मग ठीक आहे, रेड त्यासाठीच आहे. तू चुकून डिलीट केलंस तर ते वाचवणार नाही, व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर नाही, घरात पाणी शिरलं तर नाही. फक्त डिस्क जाण्यापासून. हे मान्य असेल तर पुढे बोलू."

रेडची मूळ कल्पना १९८८ ची आहे, बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांचा पेपर, आणि इंग्रजी RAID मधलं आय हे अक्षर तेव्हा इनएक्स्पेन्सिव्ह म्हणजे स्वस्त यासाठी होतं, मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि एखादी गेली तरी चालेल अशी सोय करून ठेवा. पुढे तेच आय इंडिपेंडंट झालं. मला ती स्वस्तवालीच कल्पना आवडते कारण माझ्यासारख्याला परवडते तीच.

प्रकार खूप आहेत पण घरासाठी प्रश्न दोनतीनच. रेड ० मधे सुरक्षितता काहीच नाही, एक गेली की सगळं गेलं. रेड ५ बद्दल मी बराच वेळ विचार केला कारण चार डिस्क घेतल्या तर तिघींची जागा वापरायला मिळते. पण त्यातली एक गेली की तिच्या जागी नवीन लावून तिच्यावर डेटा भरताना उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, ४ टेराबाइटच्या असतील तर १२ टेराबाइट, आणि साध्या डिस्कच्या कागदावर कंपनीच लिहिते की दहाचा चौदावा घात इतके बिट वाचल्यावर एखादी न वाचता येणारी जागा येऊ शकते, म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण बेडगची ११ मिनिटं गेल्यावर माझी ती जोखीम घ्यायची तयारी नव्हती. रेड १, म्हणजे आरसा. दोन डिस्क, दोन्हीवर तेच. अर्धी जागा वाया जाते म्हणतात लोक, मला ती वाया वाटत नाही. शिवाय आरशातली कुठलीही एक डिस्क काढून लिनक्स (विंडोजऐवजी वापरतात ती प्रणाली) असलेल्या दुसऱ्या मशीनला लावली तरी वाचता येते, दुसरी सोबत नसली तरी.

मदरबोर्डमधेच रेडची सोय असते, ती का नाही घेतली असं पुष्कळ जण विचारतात. कारण उद्या बोर्ड गेला तर तशाच चिपसेटचा दुसरा बोर्ड शोधत बसायला लागू शकतं. लिनक्समधलं, रेड सांभाळणारं एमडीअ‍ॅडम कुठल्याही मशीनवर चालतं, आरशाची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते.

डिस्क घेताना दोन गोष्टी पाळल्या. एक, सीएमआर प्रकारचीच घ्यायची, म्हणजे जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता शेजारीशेजारी असतात. एसएमआर प्रकारात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, एक बदलायची तर शेजारच्याही परत लिहाव्या लागतात, त्यामुळे रेड भरताना सलग लिहायची वेळ आली की ती डिस्क इतकी मंदावते की रेडला वाटतं मेली. २०२० मधे यावरून बराच गदारोळ झाला होता कारण रेडसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क आतून एसएमआर निघाल्या. म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघितल्याशिवाय घेऊ नका, दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्यालाही खोक्यावर लिहिलंय तेवढंच माहिती. दुसरी गोष्ट, दोन्ही एका खोक्यातल्या घ्यायच्या नाहीत. एकाच दिवशी एकाच लाइनवर बनलेल्या दोन डिस्क एकसारख्याच म्हाताऱ्या होतात. मी एक टिळक रोडवरून घेतली आणि एक महिन्याने ऑनलाइन, वेगळ्या कंपनीची. दोन्ही ४ टेराबाइट.

लावायच्या आधी दोन्ही तपासल्या. बॅडब्लॉक्स नावाच्या प्रोग्रॅमची लिहून वाचायची तपासणी, चार वेळा लिहितं चार वेळा वाचतं, एकेकीला तीन दिवस लागले. बायको म्हणाली नवीन आणलेली वस्तू आठवडाभर नुसती घुर्रर्र करत पडलीये. पण नवी डिस्क पहिल्या काही आठवड्यांत जायची भीती असते, आणि जायचीच असेल तर रिकामी असताना जाऊ दे.

आणि एक साधं काम केलं ज्याचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे-अक्षरं पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून तिच्या समोरच्या कडेला लावले, कॉम्प्युटरचा डबा उघडला की दिसतील असे. कारण लिनक्स ज्यांना एसडीबी, एसडीसी म्हणतं ती नावं पक्की नसतात, पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तरी उद्या बी ची सी होते. कुठली मेली हे कळणं आणि हातात नेमकी तीच येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्ष लावायला अर्धा तास पुरला. दोन्हीवर जीपीटी पार्टिशन, म्हणजे जागेची आखणी, केलं, शेवटी १०० एमबी रिकामी सोडली कारण उद्या दुसऱ्या कंपनीची ४ टेराबाइट डिस्क आणली आणि ती चार सेक्टर लहान निघाली तर आरशात घेणारच नाही. मग एमडीअ‍ॅडमला सांगितलं क्रिएट, लेव्हल १, डिव्हाइस २, आणि दोघींची नावं. एमडी० तयार झालं आणि लगेच एकीवरून दुसरीवर कॉपी सुरू झाली, दोन्ही रिकाम्या असल्या तरी होते ती. हे चालू असताना डिस्क वापरता येते, मी त्यावर एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम करून टाकली.

एमडीस्टॅट नावाची एक फाइल आहे, पुढची चार वर्षं मी ती इतक्या वेळा बघितलीये की झोपेत वाचेन. त्यात आरशाची अवस्था चौकोनी कंसात दोन अक्षरांत दिसते. दोन यू म्हणजे दोन्ही वर, दोन्ही धडधाकट. एक यू आणि एक खालची रेघ म्हणजे एक गेली. भरताना खाली बाणासारखी पट्टी सरकते आणि आकडे येतात, १२.६ टक्के, फिनिश ३४५ मिनिटं, वगैरे. त्या फिनिशवर विश्वास ठेवू नका, डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग सेकंदाला १६५ एमबीच्या आसपास असतो आणि आत जाईल तसा ८५ वर येतो, त्यामुळे शेवट लांबत जातो. माझं साडेआठ तासांनी संपलं.

रीबूट केलं तर एमडी० गायब. म्हणजे डेटा होता पण नाव एमडी१२७ झालं होतं आणि माउंट, म्हणजे वापरायला जोडलं, झालंच नाही. यात घाबरण्यासारखं काही नसतं पण पहिल्यांदा बघताना पोटात खड्डा पडतो. एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाइलमधे आरशाची ओळ टाकायची आणि इनिट्रॅमएफएस, म्हणजे मशीन चालू होताना सुरुवातीला लागणारी छोटी प्रणाली, परत बनवायचं, हे दुसरं राहिलं होतं माझं. एफएसटॅबमधे, म्हणजे चालू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक टाकला आणि नोफेल, नाहीतर आरसा नसला की मशीन चालूच होत नाही.

आता जे सांगतोय ते नीट वाचा कारण हे बहुतेक लोक करत नाहीत. खरा डेटा भरायच्या आधी मी आरसा मुद्दाम मोडून बघितला. २० जीबी गाणी टाकली, मशीन बंद केलं, एका डिस्कची केबल काढली आणि परत चालू केलं. एमडीस्टॅटमधे यू आणि रेघ. गाणं वाजतंय. मग मशीन बंद करून केबल परत लावली, आणि मला वाटत होतं आपोआप जोडली जाईल, तर नाही, ती बाजूलाच उभी राहिली. तिला री-अ‍ॅड म्हणावं लागतं. म्हटल्यावर मात्र एका मिनिटात जोडली गेली कारण बिटमॅप असतो, मधल्या काळात कुठले तुकडे बदलले तेवढ्याचीच नोंद, तेवढेच परत लिहितं. लाइट गेल्यावरही हाच बिटमॅप कामाला येतो, सगळे ४ टेराबाइट परत तपासत बसावं लागत नाही. मग दुसरीचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्यावर लिहिलेली आरशाची माहिती, पुसून ती जणू कोरी नवीन आहे असं धरून अ‍ॅड केली, परत साडेआठ तास. शेवटी एक डिस्क डॉकमधे टाकून लॅपटॉपला लावली, फक्त वाचण्यापुरती, आणि तिथेही गाणं वाजलं तेव्हा माझं समाधान झालं.

हे सगळं करताना प्रत्येक कमांड वहीत पेनाने लिहिली. कॉम्प्युटरमधे नाही, वहीत. ज्या रात्री लागेल त्या रात्री कॉम्प्युटरच बंद असेल.

मेलची सोयही तेव्हाच केली. आरसा एका डिस्कवर आला तरी कामात काहीच फरक जाणवत नाही, गाणी वाजतात, फोटो उघडतात, महिनोन् महिने एका पायावर चालू राहील आणि आपल्याला पत्ता नाही. एमडीअ‍ॅडमच्या मॉनिटरला टेस्टचा मेल पाठवायला सांगता येतं, तो फोनवर आला तेव्हाच कॅसेटींच्या फाइली आत घेतल्या.

पहिला खरा मेल जून २०२१ मधे आला, फेल इव्हेंट. मी नवीन डिस्क कार्टमधे टाकली होती, पैसे भरणार तेवढ्यात मित्राला फोन केला. तो म्हणाला, "स्मार्टचे आकडे बघितलेस का? थांब जरा." स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. स्मार्टसीटीएलने बघितलं तर रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग (वाचता न आलेल्या, संशयित जागा) शून्य, पण यूडीएमए सीआरसी एरर ३१२. हा आकडा डिस्कचा नसतो, डिस्क आणि बोर्डमधल्या रस्त्याचा असतो. डबा उघडला तर साटा केबल बाजूच्या पत्र्याखाली दबून वाकलेली. शंभर रुपयांची केबल बदलली, री-अ‍ॅड, झालं. तो आकडा शून्यावर परत येत नाही, पण तो ३१२ वरच थांबलाय, वाढला नाही, एवढं बघायचं. तेव्हापासून मी तीन आकडे दर महिन्याला वहीत लिहितो, ५ नंबरचा रीअ‍ॅलोकेटेड, १९७ चा पेंडिंग आणि १९९ चा सीआरसी.

मित्राने पहिल्या दिवशी जे बजावलं होतं ते २०२२ मधे घडलं. फोल्डरांची नावं गावांप्रमाणे लावत होतो, आरग, मालगाव, बेडग, आणि एकसारखी दोन फोल्डरं दिसली म्हणून त्यातलं एक उडवलं. ते खरं होतं. आरशाने आपलं काम चोख केलं, दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं. बेडग परत गेलं असतं. पण बाहेरची एक यूएसबी डिस्क मिरजेत आईच्या कपाटात असते, गणपतीला आणि दिवाळीला जातो तेव्हा पुण्याहून भरलेली दुसरी नेतो आणि तिथली परत आणतो. तिच्यात होतं. पुढच्या रविवारी कोयना एक्सप्रेसने जाऊन घेऊन आलो. रेडने मला डिस्क मरण्यापासून वाचवलं असतं, कपाटाने माझ्या हातापासून वाचवलं.

आणि मग मे २०२३. त्याच्या आधी तीन महिने वहीत ५ नंबरचा आकडा हलत होता, ० चा ८, मग २४, मग ५६. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला माझ्या डेबियनवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) चेक चालू होतो, दोन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात, एखादी जागा वाचता आली नाही तर दुसरीवरून घेऊन तिथे परत लिहिली जाते. म्हणजे आजारी डिस्कला इतके महिने दुसरी सांभाळून घेत होती आणि मला ते वहीत दिसत होतं. त्यामुळे नवीन डिस्क मी आधीच आणून, तीन दिवस तपासून, चिकटपट्टी लावून ठेवली होती.

बुधवारी संध्याकाळी मेल आला. यू आणि रेघ. पेंडिंग १८००च्या वर, यावेळी केबल नव्हती.

हात थोडे थरथरत होते पण काय करायचं ते माहिती होतं. पहिलं काम नवीन डिस्क लावणं नाही. पहिलं काम, उरलेल्या एकीवरून जे गेल्या बॅकअपनंतर नवीन झालंय ते बाहेरच्या डिस्कवर घेणं, कारण भरताना त्या एकीवर आठ तास सलग ताण येणार आणि नेमकी तेव्हाच ती गेली तर काहीच उरत नाही. ते ४० मिनिटांत झालं. मग वही उघडली. फेल, रिमूव्ह, मशीन बंद, डबा उघडला. चिकटपट्टीवर ७ के २ एम. स्क्रीनचा मी काढलेला फोटो, त्यावरही ७ के २ एम. परत एकदा दोन्ही मोठ्याने वाचले. मग स्क्रू काढले.

नवीन डिस्कवर पार्टिशन उतरवायला एसजीडिस्क या प्रोग्रॅमचं रेप्लिकेट वापरतात आणि ही अख्ख्या कामातली सगळ्यात धोक्याची ओळ आहे. आधी नवीन डिस्कचं नाव येतं, मग जुनीचं. आपल्याला बोलताना जुनीवरून नवीवर असं यायची सवय, तसं लिहिलं तर कोऱ्या डिस्कचा तक्ता चांगल्या डिस्कवर चढतो. वहीत मी त्या ओळीखाली लाल पेनाने लिहून ठेवलं होतं, नवी आधी. एंटर दाबायच्या आधी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. मग दाबलं, मग नव्या डिस्कचे ओळख क्रमांक बदलले, अ‍ॅड केलं, आणि बाणाची पट्टी सरकायला लागली. ०.१ टक्का.

साडेदहाला बाबांचा फोन आला. मी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, "झोपला नाहीस न्हवं? बेडगची ती पहिली बाजू पाठव की जरा, बुवांनी भैरवी कुठनं उचलली होती ते ऐकायचंय." मी एमडीस्टॅट बघितलं, १९.३ टक्के, यू आणि रेघ. फोल्डर उघडलं, फाइल होती, वाजवून बघितली. सुरुवातीला टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज, मग आजीचा आवाज, "लागलं का रं ते?" आणि मग पेटी. लहान करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

दोन निळ्या टिका आल्या. पावणेअकरा वाजले होते, भरायला अजून सहाएक तास होते, मी दिवा बंद करून मशीनशेजारीच गादी टाकली.